बाराचे वीस

कॉलेज सोडण्याचा अर्ज आत्याला काही नवा नव्हता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची प्रमुख म्हणून असे अर्ज तिच्याच टेबलावर यायचे आणि तिची सही झाल्याशिवाय ऑफिसातला कारकून कोणाचं नाव कमी करत नसे. पण जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या वाटीला टेकवून ठेवलेला अर्ज ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. खाली नाव तिच्या भाचीचं होतं. ते नाव मोठं सुरेख आहे, पण फक्त हजेरीपटावर चालतं. घरात ती जन्मापासून ठकी.

"उद्या बारापर्यंत ऑफिसात द्यायचाय," ठकी म्हणाली. "तेवढी सही कर."

रविवार होता, ताटं अजून उचलली गेली नव्हती आणि सगळं घर टेबलाभोवती होतं. एका टोकाला अण्णा, म्हणजे आत्याचे वडील. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फोरमन होते आणि पहिल्या वर्षाच्या हजारो पोरांच्या हातात पहिली कानस त्यांनीच दिली, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. त्यांच्या डावीकडे दादा, ठकीचा बाप, पूल बांधणारा. उजवीकडे धाकटा, ठकीचा काका, लिफ्टच्या कंपनीत डिझाइन करणारा. घरात मधे भिंत घालण्यावरून भांडण झाल्यापासून सहा महिने हे दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नव्हते; 'त्याला म्हणावं पाण्याचा जग इकडे सरकव' असा कारभार चालायचा. त्यांच्यामध्ये वहिनी, ठकीची आई. ती दातांची डॉक्टर. या घरात इंजिनिअरिंगचा वारा न लागलेली ती एकटीच, आणि त्याचा तिला कधी पश्चात्ताप झालेला कोणी पाहिला नव्हता.

अर्ज कशापायी आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. मेकॅनिक्सच्या पहिल्या चाचणीत ठकीला पन्नासपैकी नऊ मिळाले होते. मंगळवारी नापासांची दुसरी चाचणी होती. तीत वीस आले तर निभावलं, नाहीतर तो विषय पुढच्या वर्षी पहिल्यापासून. मंगळवारची वाट कशाला बघायची, असं ठकीने ठरवलेलं दिसत होतं.

मग जे व्हायचं ते झालं. दादाने आवाज चढवला. आपल्या घरात कोणी शिक्षण अर्ध्यावर सोडलं नाही, असं अण्णा म्हणाले. त्यावर वहिनी शांतपणे म्हणाली की तिने स्वतः एक कोर्स अर्ध्यावर टाकूनच दात उपटायला घेतले आणि ते आजवर व्यवस्थित निघताहेत. धाकट्याने हवेकडे बघत विचारलं की कोणाच्या बापाने मुलीवर इतकं दडपण आणलं होतं. दादाने हवेलाच उत्तर दिलं. दोन्ही भाऊ हवेशी भांडत असताना आत्या त्या अर्जाकडे बघत बसली होती. चेहरा तिने कॉलेजातल्या बाईंचाच ठेवला होता.

"माझा नियम तुला माहीत आहे," ती ठकीला म्हणाली.

तो नियम अख्ख्या कॉलेजला माहीत होता. ज्याला नाव कमी करून घ्यायचं असेल त्याने आपली उत्तरपत्रिका घेऊन यायचं आणि चुकलेलं एक गणित बाईंना समजावून सांगायचं. आपण काय केलं, का केलं, चूक कुठे झाली, सगळं स्वतःच्या तोंडाने. तेवढं झालं की बाई एक अक्षर न बोलता सही करतात. अकरा वर्षांत असे चाळीसेक अर्ज आले होते आणि त्यातले सहासातच ऑफिसापर्यंत पोचले होते. बाकीच्यांना समजावून सांगता सांगताच कळायचं की आपली चूक मुंगीएवढी आहे, आणि ते अर्ज खिशात घालून तोंड लपवत निघून जायचे. आत्याचा या नियमावर फार भरवसा होता. आत्ताही तिने मनात धरलं होतं की पंधरा मिनिटांत हा कागद केराच्या डब्यात जाईल.

ठकीनेही तयारी केली होती. उत्तरपत्रिका मांडीवरच होती. वहिनीने ताटं उचलली, दादाने टेबल पुसलं आणि सगळे परीक्षेला बसल्यासारखे पुढे सरकले.

गणित पहिल्याच आठवड्यातलं होतं. सहा मीटरचा बीम, दोन्ही टोकांना एकेक आधार, डाव्या टोकापासून दोन मीटरवर बारा किलोन्यूटनचा भार. कोणत्या आधारावर किती येईल, एवढंच विचारलं होतं. ठकीचं उत्तर होतं, डाव्यावर सोळा, उजव्यावर चार, दोन्ही आधार वर ढकलणारे.

"सोळा आणि चार वीस," वहिनी म्हणाली. "अगं पण ठेवले बारा ना? मग खालून वीस कशाला लागतात?"

तिन्ही पुरुषांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर सभेत कोणाचा तरी सदरा उलटा असल्याचं सांगितलं. तिचं बरोबर होतं. आत्याने पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीवर टेकवली. भार डाव्या टोकाभोवती बीमला घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवतो. ठकीने त्याला अधिक चिन्ह दिलं होतं. हे अधिक कुठून आलं, असं आत्याने विचारलं.

"अण्णांनी सांगितलं. नट आवळायची दिशा ती अधिक, सैल करायची ती उणे."

अण्णांची मान ताठ झाली. रोज सकाळी साडेसहाला, पान्हा हातात देऊन, आपण नातीला हे शिकवत होतो, असं त्यांनी जाहीर केलं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण केलेलं बोलून दाखवायचा आपला स्वभाव नाही. हे ऐकून वहिनीला खोकला आला.

आत्याने पेन्सिल पुढे सरकवली. उजवा आधार बीमला उलट्या दिशेने फिरवतो, मग त्यालाही अधिक कसं?

"बाबांनी सांगितलं. काट्यांच्या उलटं ते अधिक. जगभर तसंच असतं म्हणाले."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो रोज संध्याकाळी गाडीत मुलीची शिकवणी घेत होता. तेही कोणाला माहीत नव्हतं. आत्याने पेन्सिल तिसऱ्या ओळीवर नेली. दोन्ही अधिक धरल्यामुळे उजव्या आधाराचं उत्तर उणे चार आलं होतं आणि पुढे ठकीने लिहिलं होतं, 'उणे म्हणजे दिशा वरची'.

"हे काकांचं," ठकी आता हळू आवाजात म्हणाली. "ते खालच्या दिशेला अधिक धरतात. रोज मधल्या सुट्टीत फोनवर सांगायचे."

मग सहा महिन्यांत पहिल्यांदा दादाने थेट धाकट्याकडे तोंड केलं.

"तू माझ्या मुलीला खाली अधिक शिकवलंस?"

"लिफ्ट खाली पडते, दादा. वर पडलेली मी अजून पाहिली नाही."

आणि मग जो गोंधळ झाला तो झाला. पुलाचं शास्त्र मोठं की लिफ्टचं, की दोन्ही ज्याच्यामुळे उभी राहतात त्या नटाचं, यावर बाप आणि दोन मुलं हातवारे करून भांडू लागली. तिघांचंही आपापल्या जागी खरं होतं, हीच मोठी पंचाईत होती. कोणतीही दिशा अधिक धरली तरी चालतं, फक्त सुरुवात केली तीच शेवटपर्यंत धरावी लागते. पण प्रत्येकाने ठकीला बजावलं होतं की बाकी कोणाचं ऐकू नकोस. ठकी पडली गुणी पोर. कोणाचं मन मोडायला नको म्हणून तिने प्रत्येकाचं थोडं थोडं घेतलं. प्रश्नपत्रिकेतली सगळी गणितं तिने अशीच सोडवली होती, घरातल्या तिन्ही मोठ्यांचा मान राखून. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते याला.

आत्याला आधी हसू आवरेना. तिने तोंडावर पदर धरला, मग पदरही पुरेना. तिला हसताना बघून वहिनी हसली, मग धाकटा, आणि शेवटी अण्णाही गालातल्या गालात हसू लागले. तीस वर्षं नोकरी केलेला फोरमन, पुलाचा इंजिनिअर आणि लिफ्टचा डिझायनर अशा तिघांनी मिळून पोरीला पन्नासपैकी नऊवर आणून ठेवलं होतं. एकट्याने कोणालाच हे जमलं नसतं.

"चूक सापडली," आत्या डोळे पुसत म्हणाली. "पण नियमाप्रमाणे बरोबर उत्तरही तूच सांगायचंस. आणि तुम्ही तिघं आता तोंडाला कुलूप लावा."

ठकी जरा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग उठली, आणि पाहुणे आले की टेबलाला जोडायची जादाची फळी भिंतीमागून काढून आणली. फळीची दोन टोकं तिने दोन तळहातांवर घेतली आणि वहिनीला सांगितलं की भरलेला जग डावीकडून एक तृतीयांशावर ठेव. जग ठेवल्यावर तिने डोळे मिटले. अण्णा काहीतरी सांगायला पुढे झाले, तर वहिनीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डावा हात जास्त दुखतोय," ठकी डोळे मिटूनच बोलू लागली. "उजवा कमी. पण दोन्ही वरच ढकलताहेत. आणि दोघांचं मिळून पाण्याच्या जगाएवढंच व्हायला पाहिजे, जास्त कुठून येणार? मी उगाच चिन्हं पाठ करत बसले. आधी हातांना विचारायचं होतं."

तिने जग उतरवला, कोऱ्या कागदावर सगळ्यात वर बाण काढून आपली दिशा लिहिली आणि गणित सोडवलं. चार ओळींत डाव्यावर आठ आले आणि उजव्यावर चार. नंतर तिने ते अण्णांना, दादाला आणि धाकट्याला समजावून दिलं, प्रत्येकाच्या दिशेने वेगवेगळं, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. अकरा वर्षांत इतकं चांगलं समजावून सांगणारं पोर आपल्यासमोर बसलं नव्हतं, असं आत्याला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला.

दादाने खुर्ची मागे ढकलली. झालं एकदाचं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. धाकट्याने फळी जागेवर नेली. वहिनी चहा टाकायला वळली. तेवढ्यात ठकीने तो अर्ज पुन्हा आत्यासमोर सरकवला.

"सांगितलं. आता सही कर."

आत्याला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पण ठकीचे डोळे भरले होते.

"गणित येत नव्हतं म्हणून मी हा अर्ज लिहिला नाही गं," ती म्हणाली. "गणित आज ना उद्या आलंच असतं. प्रवेशाच्या दिवशी तू मला सांगितलंस, कॉलेजात मी तुझी कोणी नाही, आत्या म्हणायचं नाही, लोक बोलतील. मी ऐकलं. तू सगळ्या वर्गाला जिन्याखालच्या खोलीत शंका विचारायला बोलावतेस. मी दोन शनिवार दारापर्यंत आले होते. तू आत होतीस. तू मला पाहिलंस आणि मान खाली घालून दुसऱ्या मुलाची वही बघायला लागलीस. दोन्ही वेळा. मी बाहेरून परत गेले. म्हणून मग मी घरात ज्याने त्याने जे सांगितलं ते घेत बसले. तीनशे मुलांत एकट्या मला विचारायला कोणी नव्हतं."

चहाचं आधण उकळायला लागलं आणि वहिनीने गॅस बंद केला.

आत्याला ते दोन्ही शनिवार लख्ख आठवत होते. ती खोली म्हणजे तिचा प्राण होता. दहा ते पाच उघडी, दार कधी लावायचं नाही, आलेल्या पोराला तोंडभर 'ये' म्हणायचं, हे सगळं तिनेच सुरू केलं होतं. कोणी आठवडाभर दिसलं नाही तर ती मित्रांकडून निरोप धाडायची. भाचीच्या बाबतीत मात्र तिने तत्त्व पाळलं होतं. भाचीचे पेपर तपासणार नाही इतपत ते ठीकच होतं. पण शंकाही ऐकणार नाही, ओळखही दाखवणार नाही, इथवर तिने ते ताणलं, आणि वर आपण किती सचोटीने वागतो म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोकं वर करवेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील म्हणून मी घाबरले आणि त्याला तत्त्व म्हणत राहिले. ठकी, तू दारातून परत गेलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. सुटले, असं वाटलं होतं. हे सांगताना मला कसं होतंय ते माझं मला माहीत."

ठकीने नाक पुसलं. पण कागद मागे घेतला नाही.

आत्याने पेन उघडलं आणि अर्जावर सही केली. खाली तारीख घातली.

दादा ताडकन उठला. मुलीच्या आयुष्याशी खेळतेस का, असं त्याने विचारलं. धाकटाही त्याच्या बाजूने उभा राहिला; नियम गेला खड्ड्यात, फाडून टाक तो कागद, असं तो म्हणाला. अण्णा मात्र आपल्या टोकाला बसून राहिले. तिने शब्द दिला होता, पोरीने आपलं काम केलं, आता सही न करणं ही फसवणूक झाली असती, एवढंच ते बोलले. वहिनीने मान डोलावली. दोन्ही भाऊ पाय आपटत गच्चीवर गेले आणि तिथून बराच वेळ त्यांचा आवाज येत राहिला. बहीण कशी लहानपणापासूनच हट्टी आहे, यावर दोघांचं संपूर्ण एकमत होतं. भिंतीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

आत्याने अर्ज ठकीच्या हातात दिला. "हा आता तुझा. द्यायचा की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही. उद्या दहाला खोली उघडते. पाहिजे तर ये."

त्या रात्री आत्याला झोप आली नाही.

सोमवारी जिन्याखालच्या खोलीत बसायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी चाचणी, म्हणजे नापास झालेली अख्खी पलटण हजर. कोणी बाकांवर, कोणी खिडकीच्या कठड्यावर, एकजण तर जुन्या ड्रॉइंगच्या टेबलाखाली वही पसरून. आत्या एकेकाजवळ जाऊन बसत होती आणि प्रत्येकाला आधी विचारत होती, घरी तुला कोण कोण शिकवतं? पोरांना हा नवा प्रश्न कळेना. एकाचा मामा निघाला, एकीची मोठी बहीण आणि तिचा नवरा. आत्या हसून पुढे सरकायची, पण नजर दाराकडे. साडेदहा झाले, अकरा झाले. ऑफिस वरच्याच मजल्यावर होतं. जिन्यात पाऊल वाजलं की तिचा हात वहीवर थबकायचा, पण वर जाऊन विचारायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं.

सव्वाअकराला ठकी दारात दिसली. हातात दप्तर, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. वर जाऊन आली की जायची आहे, कोण जाणे.

या खेपेला आत्याने मान खाली घातली नाही. "ये," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने, आणि दोघातिघांनी वळून पाहिलं. ठकी शेवटच्या बाकावर एका मुलीशेजारी अंग चोरून बसली आणि तिने दप्तर उघडलं; वहीतून त्या अर्जाचं टोक अजून डोकावत होतं. आत्या तिच्याकडे धावत गेली नाही. जीव तिकडे असला तरी तिच्या पुढे नऊजण रांगेत होते आणि रांग म्हणजे रांग. एक झाला, दोन झाले. सहाव्या मुलाच्या वहीत बीम उलटाच काढलेला होता, त्यात वेळ गेला. घड्याळात बाराला पाच कमी झाले. वर ऑफिसची खिडकी बंद व्हायची वेळ झाली आणि शेवटच्या बाकावरून कोणी उठलं नाही.

"आत्या," मागून हाक आली. भरल्या खोलीत, स्वच्छ आवाजात. "इथे अडलंय माझं."

पेन्सिली थांबल्या. चाळीस माना आधी ठकीकडे वळल्या, मग बाईंकडे. खिडकीतल्या मुलाने न राहवून विचारलं, बाई, ही तुमची कोण?

"भाची," आत्या म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाची मुलगी." आणि हातातली वही तशीच ठेवून, बाकांमधून वाट काढत ती मागे निघाली. "आले गं, आले."